आधी परमेश्वर, मग प्रयत्न

आमच्या शाळेच्या फळ्यावर आठवड्यातून एकदा तरी ‘प्रयत्नांती परमेश्वर’ हा सुविचार असायचा. घरी मात्र क्रम उलटा. आधी परमेश्वर, त्याला नाहीच जमलं, तर मग आपण आहोतच.

‘देव पाण्यात घालून बसलेत’ असं लोक नुसतं म्हणतात. आमची आई खरंच घालायची. आमच्या देव्हाऱ्यात अंगठ्याएवढा पितळी गणपती आहे. दर संकष्टीला चिंचेने घासून घासून त्याची सोंड आता फक्त श्रद्धेनेच दिसते. काही अडलं की आई त्याला उचलायची, पाणी भरलेल्या गडूत सोडायची, वर ताटली झाकायची आणि आम्हाला दम भरायची, “काम झाल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही!” ही भक्ती म्हणायची की देवाला ओलीस ठेवणं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. ‘ओलीस’ हा शब्द मात्र इतका चपखल दुसरीकडे कुठे बसल्याचं मी पाहिलेलं नाही.

माझ्या बारावीच्या निकालासाठी गणपती नऊ दिवस पाण्यात होता. ताईचं लग्न जमेपर्यंत किती होता, ते विचारू नका. पाणी रोज बदललं जायचं, एवढंच त्यातल्या त्यात.

एकदा कपाटाची किल्ली हरवली. शालू आत, लग्न अकराच्या मुहूर्ताचं, आणि घड्याळात साडेनऊ. बाबा म्हणाले, “अगं, आधी गादीखाली बघ, डब्यांमागे बघ.” आई सरळ देव्हाऱ्याकडे गेली. तिने गणपती उचलला, तर खालच्या लाल वस्त्राच्या घडीत किल्ली!

“म्हणजे तूच ठेवली होतीस तिथे,” बाबा म्हणाले.

“मी ठेवली हो, पण दाखवली कुणी?” आई म्हणाली आणि गणपतीला परत जागेवर बसवताना तिचा गळा दाटून आला. “पाण्यात घालायची वेळसुद्धा येऊ दिली नाही त्याने.”

माझ्या मते तो घाबरला होता.

त्याची खरी कसोटी लागली ती 23 मार्च 2003 ला. जोहान्सबर्गला विश्वचषकाची अंतिम लढत. टॉस होताच आईने गडू भरला. ऑस्ट्रेलियाने 2 बाद 359 केल्या, तेव्हा बाबा गडूकडे बघून म्हणाले, “त्याला तळाशी काही ऐकू येतंय का बघ.” मग आपला डाव सुरू झाला आणि सचिन पहिल्याच षटकात चार धावांवर गेला. घरात सुतकी शांतता. मध्येच तिकडे पाऊस आला, खेळ थांबला. आईचा चेहरा उजळला. तिचंही बरोबर होतं. देव पाण्यात घातल्यावर तो पाण्याचीच व्यवस्था करणार! पण पाऊस थांबला आणि आपण सव्वाशे धावांनी हरलो.

आता पेच असा की काम झाल्याशिवाय देव काढायचा नाही, आणि काम तर साफ बिघडलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनीच गणपती बाहेर काढला. “पुढचा विश्वचषक चार वर्षांनी आहे. तोवर ठेवतेस काय?”

2007 साली आपण पहिल्याच फेरीत बांगलादेशकडून आणि श्रीलंकेकडून हरून घरी आलो. तेव्हा आई बाबांना एवढंच म्हणाली, “काढायची घाई कुणी केली होती?”

या सगळ्याला मी वर्षानुवर्षं हसत आलो. मागे एकदा 31 जुलैच्या रात्री प्राप्तिकराचं विवरणपत्र भरायला बसलो होतो. सगळं भरून झालं, फक्त मोबाइलवर ओटीपी यायचा राहिला. तो येईना. पुन्हा मागवला, येईना. व्हॉट्सॲपवर मात्र गुड नाइटचे गुलाब धडाधड पडत होते. साडेअकरा वाजले. मी उठलो. पाणी प्यायला जातोय असं दाखवत स्वयंपाकघरात गेलो, गडू भरला आणि आवाज होणार नाही असा हळूच गणपती आत सोडला.

ताटली झाकतोय तोच मुलगा मागे उभा. त्याने माझ्या हातातला फोन घेतला, बघितला आणि म्हणाला, “बाबा, फ्लाइट मोड.” मी संध्याकाळीच नागपूरहून विमानाने आलो होतो. घरात वाय-फाय, त्यामुळे गुलाबांना अडचण नव्हती.

त्याने बटण दाबलं आणि मिनिटभरात तीन ओटीपी एकदम येऊन पडले.

“आला का रे?” आतल्या खोलीतून आईचा आवाज आला. ऐंशी पार झाली, पण गडूचा आवाज तिला झोपेतही कळतो.

“आला,” मी म्हणालो. मुलगा काहीतरी बोलणार होता, त्याला डोळ्यांनीच गप्प केलं आणि गणपतीला पंच्याने पुसायला घेतलं.

“पाणी तुळशीला घाल,” आई म्हणाली. “मोरीत ओतू नकोस.”