सासूबाई नेमक्या कुणाच्या?

पुरणपोळीची कृती मराठीत शोधायला बसलात तर एक सासूबाई हमखास भेटतात. त्या डाळीचा कट आमटीसाठी बाजूला काढतात, जायफळ ऐनवेळी किसून घालतात आणि 'पुरणात चमचा उभा राहिला की समज झालं' असं सुनेला बजावतात. वाक्यं तीच, 'जायफळ'मधली टंकनाची चूकही तीच. संकेतस्थळ मात्र दरवेळी वेगळं. कुणा बाईंनी कधीकाळी कौतुकानं आपल्या सासूबद्दल लिहिलं असणार. आज त्या सासूबाई अशा कैक तरुणांच्या वाट्याला आल्यात, ज्यांचं लग्न अजून जमायचंय आणि घरात कणकेचा डबा कुठला, हेही ज्यांना ठाऊक नाही.

असा एक होतकरू आमच्या सोसायटीतच आहे. त्याच्या साइटवर पुरणपोळीच्या शेजारी लाडकी बहीण योजनेची शेवटची तारीख, आजचा सोन्याचा भाव आणि मोरावरचा निबंध गुण्यागोविंदानं नांदतात. राशिभविष्य तेवढं घरचं: मागच्या वर्षीचं वृषभेचं यंदा कर्केला.

"एवढं सगळं लिहितोस कधी?" मी विचारलं.

"लिहायचं कशाला, काका? रिराइट करायचं."

म्हणजे दुसऱ्याचा मजकूर एका सॉफ्टवेअरमध्ये ओतायचा. ते प्रत्येक शब्दाच्या जागी त्याचा चुलतभाऊ बसवतं, म्हणजे गूगलला नक्कल ओळखता येत नाही. राष्ट्रीय पक्षी असलेला मोर त्यामुळे 'देशव्यापी पाखरू' झालाय आणि पावसाळ्यात पिसारा फुलवून नाचण्याऐवजी 'वर्षाऋतूत पंखा सुजवून थिरकतो'. वाचून मला त्या मोराला डॉक्टरकडे न्यावंसं वाटलं. होतकरूला तसं काही वाटलं नाही, कारण त्यानं तो निबंध वाचलेलाच नव्हता.

यात त्याचा दोष किती? गूगलच्या जाहिरात-सेवेचा, म्हणजे अ‍ॅडसेन्सचा हिशेब बघा. जाहिरातीच्या पैशातले साधारण 68 टक्के साइटवाल्याला, बाकीचे वाटेत. पान मूळचं असो की उचललेलं, वाटपाचा दर तोच. सुनेच्या हाती मात्र शून्य. जिनं लिहिलं ती सोडून सगळ्यांचं भागतं, अशी ही सुबक व्यवस्था आहे. कधीतरी गूगल 'लो व्हॅल्यू कंटेंट' म्हणून अर्ज परत पाठवतं. मग मुलं दुसरं डोमेन घेतात.

कायदा आहे की! 1957 चा कॉपीराइट कायदा, कलम 63: सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड. कृतीवर, म्हणजे डाळ किती नि गूळ किती यावर, कुणाची मालकी नसते. ती कशा शब्दांत सांगितली, त्यावर असते. थोडक्यात पोळी खुशाल लाटा, सासूबाईंना सोडा. पण सून वकील कधी गाठणार? गाठला तरी त्याची फी पोळ्या विकून भरायची का?

स्वतःचं लिहून घेतलं की सगळं पावन होतं, असंही समजू नका. अमेरिकेत डिमांड मीडिया नावाची कंपनी लोक काय शोधतात ते पाहून चिल्लर मोबदल्यात लेख पाडून घ्यायची. नक्कल नाही, अस्सल रद्दी. जानेवारी 2011 मध्ये शेअर बाजारात उतरली तेव्हा तिची किंमत न्यूयॉर्क टाइम्सच्या कंपनीहून जास्त लावली गेली. पुढच्याच महिन्यात गूगलनं निकालांची क्रमवारी बदलणारा 'पांडा' सोडला, जवळपास 12 टक्के शोधांचे निकाल हलले आणि यथावकाश लेख पिकवणाऱ्या या मळ्यांची रयाही गेली.

पण खरी गंमत 2019 ची. गाण्यांचे शब्द छापणाऱ्या जीनियस या साइटनं थेट गूगलवरच उचलेगिरीचा आरोप केला. पुरावा बहारदार होता. शब्दांमधली अपॉस्ट्रॉफीची चिन्हं त्यांनी मुद्दाम काही सरळ, काही वाकडी टाकली होती. मोर्सच्या लिपीत वाचली की 'रेड हँडेड' निघायचं. रंगेहाथ! गूगल म्हणालं, आम्ही शब्द रीतसर परवान्यानं दुसऱ्या कंपनीकडून घेतो. दावा कोर्टात टिकला नाही, कारण गाण्याच्या शब्दांचे हक्क मुळात जीनियसचे नव्हतेच. 2023 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानंही प्रकरण ऐकायला नकार दिला. गीतकार या सगळ्यात कुठे होते, हे विचारायचं नसतं.

आता गूगल उत्तराचा सारांश स्वतःच पानाच्या माथ्यावर देऊ लागलंय. खाली साइटवर उतरायची गरजच नाही. त्यामुळे आमचा होतकरू हल्ली खवळलेला असतो.

"आम्ही रात्र-रात्र जागून कंटेंट गोळा करायचा आणि यांनी न विचारता उचलायचा? दुसऱ्याच्या मेहनतीवर जगायला यांना लाज कशी वाटत नाही, काका?"

यावर त्यानं कडक पाऊलही उचललंय. साइटवर राइट क्लिक बंद केलं, मजकूर निवडता येणार नाही अशी सोय केली आणि तळाशी 'सर्व हक्क राखीव' टाकलं. हे सगळं करणारा कोड त्याला एका साइटवर आयता मिळाला. तिथेही राइट क्लिक बंद होतं, पण त्यातनं वाट काढता येते म्हणाला.