दुसऱ्या वेलांटीचा चिवडा

श्री. रा. रा. वेलांटीपंत यांस,
सा. न. वि. वि.

परवा संध्याकाळी आपण मराठी भाषेला पुन्हा एकदा मरता मरता वाचवलंत, त्याबद्दल आपल्या दहावीच्या बॅचतर्फे जाहीर अभिनंदन. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा तिच्या रखवालीला आता दिल्लीहून कुणीतरी येईल, अशी माझी भाबडी समजूत होती. आपण आधीपासूनच व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर पहाऱ्याला बसला आहात, हे ध्यानातच आलं नाही.

'दिपावली' आणि 'हार्दीक' यांचा समाचार आपण दर वर्षी न चुकता घेता. कुणी मुलीच्या लग्नाला 'आर्शिवाद' मागितले, की आपण रफार उचलून जागेवर ठेवता. लग्न कधी, कुठे, हे विचारायचं राहून जातं, पण रफार महत्त्वाचा. 'महाराष्ट्र दीन' लिहिणाऱ्याला मात्र आपण उगीच झापलंत. राज्यावरचं कर्ज बघता त्याने ते जाणूनबुजून लिहिलं असणार.

असो. परवाचा पराक्रम या सगळ्यांवर कडी होता.

आपली बार्शीची वर्गमैत्रीण. ग्रुपवर कधी एक अक्षर लिहीत नाही. फार तर हात जोडल्याचं चित्र. नवऱ्याची नोकरी गेल्यावर यंदा प्रथमच तिने फराळाच्या ऑर्डरी घ्यायचं ठरवलं आणि आधी आपल्या माणसांना सांगावं म्हणून इथे लिहिलं. चकली, शेव, अनारसे, समोर किलोचे भाव, आणि यादीत सगळ्यात वर 'चीवडा'. खाली आपलं उत्तर, मिनिटाच्या आत: 'चिवडा. पहिली वेलांटी.' पुढे हसणारा पिवळा चेहरा, म्हणजे खेळीमेळीचं वातावरण राखल्याचा पुरावा.

मग काय, मैफल रंगली. दुसऱ्या वेलांटीचा चिवडा जाड पोह्यांचा आणि पहिलीचा पातळ पोह्यांचा का? दीर्घ चिवडा चावायला जास्त वेळ लागतो का? वेलांटीचा भाव किलोत धरलाय की वेगळा? मलाही हसू आलं, खोटं कशाला बोलू. तेवढ्यात एका महाभागाने विचारलं, 'अनारसे बरोबर लिहिलेत, पण तुपात हसणार नाहीत ना?' ज्या बाईने आठवडाभर तांदूळ भिजवून, कुटून पहिला घाणा काढला असेल, तिला हे विचारायचं! रात्रीपर्यंत कोट्यांचा पाऊस पडला. ऑर्डर एकानेही दिली नाही. झोपायच्या आधी पाहिलं तर तिने तो मजकूर पुसून टाकला होता. सकाळी तीच यादी पुन्हा आली, रोमन अक्षरांत.

तिथे आपली वेलांटी चालत नाही, पंत. देवनागरी लिहिणारं एक माणूस आपण यशस्वीरीत्या कमी केलंत.

आता ज्या नियमांचा दंडुका आपण फिरवता, त्यांच्याबद्दल थोडं. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम शासनाने मान्य केले १९६२ साली, १९७२ साली त्यांत आणखी चार आले. माझे आजोबा त्याआधी पत्रात 'गांव', 'नांव', 'पांच' असं अनुस्वार देऊन लिहीत आणि ते शुद्ध होतं. नियम आले नि आजोबा बसल्या जागी अशुद्ध झाले. खीर वाटीत असेपर्यंत दीर्घ, 'खिरीत' वेलदोडा घातला की ऱ्हस्व. विहीर दीर्घ, पण 'विहिरीत' पडलात की ऱ्हस्व. परीक्षा मात्र 'परीक्षेत' नापास झाली तरी दीर्घच, कारण ती संस्कृतच्या माहेरची. तिचा मान कुठल्या प्रत्ययाने कमी होत नाही. वाकायचं ते आमच्या खिरीने. आणि मोडीत तर वेलांटी एकच. मराठ्यांच्या फौजा १७५८ साली अटकेपर्यंत गेल्या, तेव्हा आपल्या दफ्तरांतून मोडीच चालत होती. पहिली की दुसरी हे विचारायला त्या वाटेत कुठे थांबल्या नाहीत.

अरे, पण हे तुला मी काय सांगणार? तू तर हे सगळं कोळून प्यायलायस. आणि म्हणूनच संताप येतो. नियम माहीत नसलेल्याने हे केलं असतं तर सोडून दिलं असतं.

मला माहीत आहे तू कुठून आलास ते. वर्तमानपत्राच्या मुद्रितशोधन विभागात तू उमेदीची वर्षं घातलीस. रात्रपाळीला ओली प्रुफं यायची, तू समासात खुणा करायचास, आणि सकाळी लाखो लोक जे वाचायचे त्यात तुझं नाव कुठेच नसायचं. मग कॉम्प्युटर आले आणि तुमचा अख्खा विभागच मोडीत निघाला. निरोप समारंभसुद्धा केला नाही म्हणे. आता त्याच पेपरात पहिल्या पानावर 'उज्वल' छापून येतं आणि तू ते चहाबरोबर गिळतोस. संपादकाला लिहिलेल्या पत्रांना उत्तर येत नाही. तुझं ऐकून निमूट दुरुस्ती करतील अशी माणसं आता फक्त ग्रुपवर उरलीत, हे कळतं रे मला.

पण म्हणून बार्शीच्या बाईवर?

लाल पेन शिवशिवत असेल तर महापालिकेच्या पाट्या आहेत, नेत्यांचे वाढदिवसाचे फलक आहेत. शिडी मी धरतो. आधी तिला फोन कर. मेसेज नको, फोनच. चिवडा दोन किलो सांग, अनारसे एक किलो, आणि भावात घासाघीस करू नकोस. बोलताना वेलांटी पहिली की दुसरी, ते तिलाही कळणार नाही आणि तुलाही.

तुझा,
मागच्या बाकावरचा