आईची सहावी ते आठवी : नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका कोणासाठी?
गोंदिया, तिरोडा, तुमसर, साकोली अशा गावांत मराठी शाळा शिकून लग्नानं बालाघाटात आलेल्या आणि लेकरू पाचवी पास होईपर्यंत 'याचा अभ्यास मीच घेते' असं माहेरी ऐटीत सांगत आलेल्या बायांसाठी. पाचवीपर्यंत ही ऐट खपून जाते. सहावीत खपत नाही. मी स्वतः तिरोड्याची. या कोर्सला दोनदा बसले, एकदा लेकीबरोबर, एकदा लेकाबरोबर. म्हणून अनुभवी म्हणवून घ्यायचा थोडा हक्क आहे.

गोंदिया स्टेशनापासून बालाघाट जेमतेम चाळीस किलोमीटर. तेवढ्या अंतरात काटकोनाचा समकोण होतो, अपूर्णांकाचा भिन्न होतो आणि टिळकांचा ळ गळून पडतो. गाडीत बसल्या बसल्या हे कळत नाही. कळतं ते एप्रिलमध्ये.

लागणारं साहित्य
1. सहा पुस्तकं : हिंदी, इंग्रजी, संस्कृत, गणित, विज्ञान, सामाजिक विज्ञान.
2. माहेरच्या माळ्यावरची तुमची जुनी बालभारती. झुरळांनी जेवढी ठेवली असतील तेवढी पानं चालतील.
3. मोबाइल, त्यात शाळेचा ग्रुप.
4. हळद. का, ते विज्ञानाच्या पायरीत येईल.
5. नवरा. ऐच्छिक. त्यांचं शिक्षण हिंदीतूनच झालेलं असतं, पण ते आठ वाजता घरी येतात आणि 'हे तर सोपं आहे' म्हणून टीव्ही लावतात.

पायरी 1 : सत्र कधी सुरू होतं ते ओळखा
मध्य प्रदेशात नवं सत्र 1 एप्रिलला सुरू होतं. तेव्हा माहेरी भाचरांची वार्षिक परीक्षा चालू असते. तुमची बहीण फोनवर म्हणेल, "आमच्याकडे पेपर आहेत ना, मग बोलू." तुम्ही म्हणा, "आमच्याकडे नवीन वर्ग लागला." दोघींनाही समोरची काहीतरी चुकतेय असं वाटेल. वाटू द्या. मग मे महिन्यात दोन्हीकडे सुट्ट्या लागतात आणि बहिणीबहिणींत पुन्हा एकमत होतं.

पायरी 2 : सूचना वाचायला शिका
पुस्तकं आणि आठवीची परीक्षा या दोन्हींच्या मागे भोपाळचं राज्य शिक्षा केंद्र असतं. नाव वाचून घाबरू नका. आपल्याकडे शिक्षा म्हणजे छडी, इकडे शिक्षा म्हणजे शिक्षण. पहिल्या वर्षी मी लेकीला हळूच विचारलं होतं, "काय केलंस गं तू?"

ग्रुपवर 'कल शाला में अवकाश रहेगा' असा निरोप आला की शाळेत मोकळी जागा झाली असं समजू नका. सुट्टी आहे. आणि 'पालक' शब्द दिसला की जीव भांड्यात पडू द्या. रीवाकडच्या शेजारणीला पालक म्हटलं की भाजी आठवते, पण इथल्या शाळांत पालक-शिक्षक संघ असतो आणि त्यातले पालक म्हणजे तुम्हीच. हा एक शब्द आपल्या बाजूचा आहे. जपून वापरा, दुसरा लवकर मिळणार नाही.

पायरी 3 : 'अभ्यास' या शब्दाचा अभ्यास करा
सर्वांत जास्त फसवणूक इथे होते. लक्ष द्या.

आई : अभ्यास झाला का?
लेक : हो, झाला.
आई : सगळा?
लेक : अभ्यास सगळा झाला, मम्मी. पाठ राहिला आहे.

लेक खोटं बोलत नाही. हिंदीच्या पुस्तकात धड्याच्या शेवटी जे प्रश्न असतात त्यांना 'अभ्यास' म्हणतात. ते तिनं गाइडमधून उतरवून काढले. धडा उघडलाच नाही. तुम्ही विचारलं त्याचं उत्तर तिनं बरोबर दिलं. म्हणून विचारताना 'पढ़ाई झाली का' असं विचारायची सवय लावा. सहा महिन्यांनी तुम्ही माहेरी आईलाही तेच विचाराल आणि ती म्हणेल, "पोरगी हिंदी झाली."

पायरी 4 : हिंदी
हिंदीचं व्याकरण सोपं आहे असं सगळे सांगतात. खरं आहे, तिथे दोनच लिंगं. आपली तीन. म्हणजे आपलं एक उरतं, आणि उरलेलं सगळं कुठे टाकायचं हाच तीन वर्षांचा प्रश्न आहे. पुस्तक आपल्याकडे 'ते', तिकडे स्त्रीलिंगी. दही आपल्याकडे 'ते', तिकडे पुल्लिंगी. आत्मा आपल्याकडे 'तो', तिकडे 'आत्मा अमर होती है'. नियम विचारू नका. लेकीला विचारा. ती गल्लीत खेळताना हे शिकली आहे. तुम्ही गल्लीत खेळला नाहीत, हे तुमचं नुकसान.

आता ळ. हिंदीच्या वर्णमालेत तो नाही. ज्यांच्या आडनावात ळ आहे, त्यांनी हजेरीपटावर एकदा पाहून घ्यावं. काळे 'काले' झालेले असतात. तक्रार करायला गेलात तर मास्तर भल्या मनानं विचारतील, "दोनों में फर्क क्या है?" फरक तोंडानं करून दाखवता येतो, लिहून दाखवता येत नाही. घरी या.

पायरी 5 : संस्कृत
इथे बळ मिळतं. माहेरी संस्कृत आठवीपासून आणि तेही घेतलं तर. इकडे सहावीपासूनच. पण घाबरायचं कारण नाही, कारण संस्कृतलाही तीन लिंगं आहेत. 'पुस्तकम्' नपुंसकलिंगी, आपलं पुस्तकही नपुंसकलिंगी. 'फलम्' तसंच, फळ तसंच. वर्गातली बाकीची मुलं जिथे अडतात तिथे मराठी घरातलं लेकरू सहज पुढे जातं. महिन्यातून एकदा हे शेजारणीसमोर बोलून दाखवायला हरकत नाही. जास्त वेळा नको, कारण पुढची पायरी गणित आहे.

पायरी 6 : गणित
बेरीज-वजाबाकी सगळीकडे सारखी असते हा भ्रम सोडा. आधी आकडे. मास्तर बोलतात 'नवासी' आणि लेकरू लिहितं 89. तुमच्या कानाला ते नव्वदच्या पुढचं काहीतरी वाटतं. आपण एकोणऐंशी, एकोणनव्वद असं एकोण लावत जातो आणि नव्व्याण्णवला येऊन थकतो. हिंदी 'उन्यासी'पर्यंत उन लावते आणि नवासीलाच थकते. एवढं लक्षात ठेवलं की किराणा दुकानातही दहा रुपये वाचतात.

मग शब्द. परिमितीचा परिमाप, व्याजाचं ब्याज, मुद्दलाचं मूलधन, नफा-तोट्याचं लाभ-हानि. हे जमतं. क्षेत्रफळाचं क्षेत्रफल होतं, ळ पुन्हा गेला, पण तोही सवयीचा झाला. खरी परीक्षा धड्यांच्या नावांत असते. माझ्या लेकीच्या सातवीच्या पुस्तकात 'घातांक और घात' असा धडा होता. एवढ्या लहान वयात घात कशाला शिकवतात, असं मनात आलं. आठवीत 'चतुर्भुजों को समझना' आला. आपल्याकडे चतुर्भुज होणं म्हणजे लग्न होणं. लग्न झालेल्यांना समजून घ्यायचा धडा असेल तर तो यांनी आधी वाचावा, असं मी म्हटलं. धडा चौकोनांचा निघाला. यांनी तोही वाचला नाही.

सूड घ्यायचा असेल तर लेकीला सांगा की महाराष्ट्रात कोष्ठकाला कंस म्हणतात आणि आधी कंस सोडवावा लागतो. ती विचारेल, "और कृष्ण?" हसू द्या. गणितात हसायच्या जागा कमी असतात.

पायरी 7 : विज्ञान
सावध : या पायरीवर दोन खड्डे आहेत. आपण ज्याला पेशी म्हणतो त्याला हिंदीत कोशिका म्हणतात, आणि हिंदीत पेशी म्हणजे स्नायू. दुसरा खड्डा : आपल्याकडे आम्ल, आम्लारी आणि त्यांच्यापासून होणारा क्षार. तिकडे अम्ल, क्षारक आणि लवण. आपल्या क्षाराची चव खारट, त्यांच्या क्षाराची कडवट. या एका शब्दावर मी आणि लेक रात्री साडेनऊपर्यंत भांडलो आणि दोघी बरोबर होतो.

त्या रात्री हळद कामाला आली. धडा सूचकांचा होता. मी वहीचं कोरं पान फाडलं, ओली हळद लावून वाळवलं आणि त्यावर साबणाच्या पाण्याचा थेंब टाकला. डाग लालबुंद झाला. मग त्यावर लिंबू पिळलं, पुन्हा पिवळा. लेक पाहतच राहिली. "तुला कसं माहीत?" तिनं विचारलं. अगं, तुझ्या बाबांच्या बनियनवर पडलेला वरणाचा डाग वीस वर्षं साबणानं धुते आहे, दर वेळी आधी लाल होतो. सासूबाई दारातून पोवारी बोलीत काहीतरी बोलल्या. त्याचा अर्थ एवढाच होता की एवढी हळद शाळेच्या नावावर वाया घालवू नका.

आठवीत 'फसल उत्पादन' हा धडा आला तेव्हा मात्र मी खुर्ची ओढून बसले. खरीप, बियाणं, रोपं, सिंचन सगळं होतं. बांधीत गुडघाभर चिखलात वाकून रोवणी केलेल्या बाईला यातलं काही नवीन नाही. पुस्तकात नसतं ते एवढंच, की जुलैत पाऊस लांबला की पऱ्हे वाळतात आणि घरात कोणी कोणाशी धड बोलत नाही. धान पुस्तकात एका ओळीत येतं. ज्या चिन्नोरला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तो बालाघाटचाच तांदूळ शेजारच्या चुलीवर शिजत असतो. लेकरू वास घेत घेत 'धान की फसल' पाठ करतं.

पायरी 8 : सामाजिक विज्ञान
इथे पुस्तक आणि खिडकी दोन्ही उघडी ठेवावी लागतात. 'खनिज संसाधन' या धड्यात मॅंगनीजच्या वाट्याला एकदोन ओळी येतात. भरवेली शहराला लागून आहे. तिथली मॅंगनीजची भूमिगत खाण खूप खोल, आणि आमच्या गल्लीतल्या अर्ध्या घरांचं पोट जमिनीखालून भरतं. खाण चालवणाऱ्या मॉयल कंपनीचं मुख्य कार्यालय नागपूरला. तांब्याचा धडा आला की बैहरच्या रस्त्यानं मलाजखंड. तिथली उघडी खाण 1982 मध्ये सुरू झाली. लेकरू परीक्षेत मॅंगनीजचं उत्पादन करणाऱ्या राज्यांची नावं लिहितं आणि घरी येऊन वडिलांचे बूट अंगणात काढायला लावतं, कारण त्यांना काळी माती लागलेली असते. त्या काळ्या मातीचा गुण मिळत नाही.

इतिहासात टिळक 'तिलक' होऊन भेटतात. ओळख दाखवा. नागरिकशास्त्रात राज्य शासनाचा धडा येतो. तेव्हा एक गोष्ट पुस्तकाबाहेरची सांगा : 1956 पर्यंत आपली राजधानी नागपूर होती. 1 नोव्हेंबर 1956 ला जुन्या मध्य प्रदेशातले आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले. भंडारा गेला, बालाघाट राहिला. राजधानी भोपाळला गेली, हायकोर्ट जबलपूरला. आणि तिरोडा तेव्हा भंडाऱ्यात असल्यामुळे मी 'बाहेरून आलेली' झाले. मास्तरांना हे सांगू नका, कारण ते पेपरात येत नाही. लेकराला सांगा, कारण ते घरात रोज येतं.

नकाशात वैनगंगा भरताना लेकरू शिवनी जिल्ह्यात उगम दाखवेल, बालाघाटातून खाली आणेल आणि राज्याच्या रेषेवर पेन्सिल थांबवेल. नकाशा मध्य प्रदेशाचा असतो. त्याला पुढचं बोटानं दाखवा : भंडारा, मग खाली वर्धेला मिळून प्राणहिता, मग गोदावरी.

पायरी 9 : इंग्रजी
आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं, त्यामुळे या पायरीवर जास्त बोलत नाही. एकच सूचना : उच्चार लिहून घेताना लेकरू 'बैट' लिहील, तुम्ही 'बॅट' लिहाल. 'बॅट'मधला अर्धचंद्र हिंदीत नाही. चेंडू दोन्हीकडे सारखाच लागतो.

पायरी 10 : प्रोजेक्ट
प्रोजेक्ट मुलानं करायचा असतो. हे वाक्य पाठ करा, मग थर्मोकोल, फेविकॉल आणि चमकी घेऊन रात्री अकरा वाजता बसा. मास्तर विचारतात, "यह तुमने बनाया?" लेकरू मान हलवतं. मास्तरही मान हलवतात. त्यांच्याही घरी सातवीतलं लेकरू असतं.

पायरी 11 : आठवीची परीक्षा
मध्य प्रदेशात पाचवी आणि आठवीला बोर्डाच्या धर्तीवर परीक्षा होते. पास व्हायला 33 टक्के लागतात. तुम्हाला किती पडले हे कोणी सांगणार नाही. तेव्हा ही चाचणी स्वतःच घ्या.

स्वयंमूल्यमापन
दिवाळीनंतर माहेरच्या गावी मंडई भरते. तिथे आमचा लेक आणि बहिणीचा मुलगा, दोघंही आठवीत, आकाशपाळण्याच्या रांगेत भांडत होते. भाचा म्हणत होता काटकोन, लेक म्हणत होता समकोण. दोघांनाही समोरचा ढ वाटत होता. भाच्यानं खाली पडलेला चिवड्याचा कागद उचलला, एकदा दुमडला, घडीवर घडी बसवून पुन्हा दुमडला आणि कोपरा पुढे केला : "हा." लेकानं तो कोपरा पाळण्याच्या तिकीट खिडकीच्या कोपऱ्यात बसवून पाहिला. नीट बसला. "हाच," तो म्हणाला. मग दोघं माझ्याकडे वळले आणि नक्की शब्द कोणता ते विचारू लागले.

तुम्ही असता तर काय उत्तर दिलं असतं? (गुण : 33. वेळ : पाळणा खाली येईपर्यंत.)

मी पैसे काढून दिले आणि म्हटलं, "दोन तिकिटं घ्या." तिकीटवाल्यानं विचारलं, "दो?" दोघंही एकदम म्हणाले, "दोन."