डोंगराआड राहिलेली लहर

किनवट सोडून माहूरच्या डोंगराला लागलं की जीपमधला रेडिओ आधी खरखरतो, मग गप्प होतो. ड्रायव्हर खिशातला पेनड्राइव्ह काढतो. त्याला हे रोजचंच. आपल्याला मात्र त्याचं काही वाटू नये, याचा मला राग येतो.

नांदेड आकाशवाणी 101.1 मेगाहर्ट्झवर लागते. एफएमची लहर सरळ रेषेत चालते, डोंगराला वळसा घालत नाही. शंभर मीटरचा मनोरा सपाट मुलखातही चाळीसेक किलोमीटरच पाहू शकतो. नांदेड ते माहूर हवाई अंतरच शंभरेक किलोमीटर. त्यापेक्षा यवतमाळ जवळ, आदिलाबादही जवळ. म्हणजे जिल्हा नांदेड, बाजार पुसदचा आणि हवेत सापडलाच तर आवाज कुठला तरी तिसराच. माहूरगडाच्या माथ्यावर चारी दिशांचं थोडंथोडं लागतं. खाली खोऱ्यातल्या तांड्यावर, कोलामांच्या पोडावर नुसती खरखर.

खासगी रेडिओवाल्यांना शेजारच्या मुलखात शिरायचं असतंच. पण ते जातात जाहिरातीच्या वासानं. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्रानं 234 नव्या शहरांत 730 खासगी एफएम वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली. यादीत लातूर आहे, उदगीर आहे, पलीकडचं यवतमाळ आहे. माहूर नाही, किनवटही नाही. परवाना शहराचा, हिशेब डोक्यांचा आणि दुकानांचा. यवतमाळची वाहिनी उद्या हातपाय पसरेल ती पुसदच्या पेठेकडे, माहूरच्या जंगलाकडे नाही. आणि आलीच तरी तिला स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही. पैनगंगेला पूर आला, अमुक पूल बंद आहे, हे सांगायचं कुणी?

हे काम आकाशवाणीचं आहे, आणि तिला ते जमतं. 28 एप्रिल 2023 रोजी एका दिवसात 91 ठिकाणी 100 वॅटचे एफएम ट्रान्समीटर सुरू झाले. प्रसारभारतीसाठी 2,539 कोटींची योजनाही 2023 मध्ये मंजूर झाली. एफएम 80 टक्के लोकसंख्येपर्यंत आणि 66 टक्के भूभागापर्यंत नेण्याचं तिचं उद्दिष्ट आहे. उरलेला तिसरा हिस्सा कोणता असतो, ते नकाशा न बघताही सांगता येतं. डोंगराचा, जंगलाचा, दोन राज्यांच्या शिवेवरचा. आपला.

‘मोबाइल आहे की,’ असं कुणी म्हणेल. त्यानं खोऱ्यात उतरून रेंज शोधावी, मग बोलावं. आणि आता कित्येक नव्या मोबाइलमध्ये एफएम लागतच नाही. सेलवर चालणारा छोटा रेडिओ मात्र रानात, मचाणावर, कापूस वेचताना आजही सोबत करतो.

नवरात्रात गडावर लाखोंची रीघ लागते. तांबूल कुटणाऱ्यांच्या खलबत्त्यांचा ठोका, भोंग्यावरच्या आरत्या, हरवलेल्या पोरांच्या नावांचा पुकारा, सगळं एकमेकांत मिसळून जातं. दत्तशिखराकडचा रस्ता मोकळा आहे का, पायथ्याशी एसटी किती वेळानं सुटेल, हे यात कुणाच्या कानावर पडणार? एक स्थानिक लहर असती, तर टपरीटपरीवर हेच कळलं असतं. उरलेले महिने तिच्यावर बोंडअळीचा सल्ला द्या, गोरमाटीत बोला, गोंडीत बोला, कोलामीत बोला. पोडावरच्या आजीला तिच्या बोलीत लसीची तारीख ऐकू येणं ही चैन नव्हे.

देवस्थानाचा किंवा किल्ल्याचा दगडही हलवू नका. आसपास उंच टेकड्यांना तोटा नाही. तिथे 100 वॅटचा एक ट्रान्समीटर आणि एक मनोरा बसवा, नांदेडचे कार्यक्रम सहक्षेपित करा आणि रोज तासभर माहूर-किनवटसाठी राखून ठेवा. नांदेड, हिंगोली आणि यवतमाळ-वाशिम या तिन्ही मतदारसंघांच्या खासदारांनी एका पत्रावर सह्या करून ते प्रसारभारतीला धाडावं. नवरात्राच्या आत.