उंदराच्या नाकातलं देवास

माळव्यात पवारांची राज्यं मोजायला गेलं की धार एका बोटात संपतं, देवासला मात्र दोन बोटं लागतात. तुकोजी आणि जिवाजी या भावांमुळे एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थानं झाली, आणि ती थेट १९४८ पर्यंत नांदली. १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांचा खासगी चिटणीस म्हणून आलेल्या कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टरला या थाटाची भारी गंमत वाटली. उंदराला वाटली नसती. त्याच्या नाकात हाच कारभार पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. थोरली पाती हवेवर तरंगत येणारे वास हुंगते. कोल्ह्याच्या विष्ठेतला वास तिच्या दरबारात जातो. धाकटी पाती नाकाच्या तळाशी, पडद्यालगतच्या बारीक नळीत बसते आणि नाक टेकवल्याशिवाय न कळणारी जड प्रथिनं तपासते. मांजर दिवसभर स्वतःला चाटून लाळेतलं असलं एक प्रथिन अंगभर माखून ठेवतं. म्हणजे ज्याला आपण त्याची टापटीप म्हणतो, ती उंदराच्या लेखी दवंडी असते.

माझं म्हणणं एवढंच, की शिकाऱ्याच्या वासाची ही भीती उंदराने कमावलेली नाही, ती वतनात आली आहे. प्रयोगशाळेतल्या ज्या उंदरांच्या कित्येक पिढ्यांनी मांजराची शेपटीही पाहिली नाही, तेसुद्धा तो वास येताच जागच्या जागी थिजतात. आई शिकवत असेल, असं कुणी म्हणेल. पण जपानी संशोधकांनी २००७ साली थोरल्या पातीचा वरचा भाग निकामी केलेले उंदीर तयार केले. त्यांना कोल्ह्याचा वास येत होता, शिक्षा केली तर त्या वासाला भ्यायलाही ते शिकत होते. उपजत भीती तेवढी गायब. ओळखणं आणि घाबरणं ही दोन वेगळी खाती निघाली.

मग धार-देवासच्या घरांत गव्हाच्या कोठीवर मांजर झोपलेलं असताना खाली कुरतडणं कसं चालतं? चालतं, कारण घाबरणं म्हणजे गाव सोडणं नव्हे. उंदीर भिंतीच्या कडेने जातो, उशिरा निघतो, चार दाणे कमी खातो. आणि रोज नुसता वासच आला, दात कधी आलेच नाहीत, तर त्या वासाची जरबही ओसरते. तेव्हा मांजराचे केस कोठीभोवती पसरून निश्चिंत झोपू नये.

खरी पंचाईत टोक्सोप्लाझ्मा या परोपजीवीची. त्याची लग्नं मांजराच्या आतड्यातच लागतात, त्यामुळे वऱ्हाड तिथवर पोचणं भाग. त्याची लागण झालेल्या उंदरांची मांजराच्या वासाबद्दलची धास्ती कमी होते, काही तर त्या वासाकडे ओढले जातात, असं ऑक्सफर्डच्या संशोधकांना २००० साली दिसलं. इंग्रजांच्या पोलिटिकल एजंटासारखा हा पाहुणा मेंदूत ठाण मांडून बसतो. दोन्ही दरबार शाबूत, शिक्केही त्यांचेच, आणि उंदीर मात्र मांजराच्या भेटीला निघालेला.