बिऱ्हाडाची लांबी, रुंदी आणि उंची

अमेरिकेत आरव्ही या नावाखाली येणाऱ्या वाहनांचे दोन मुख्य वर्ग आहेत : स्वतःच्या इंजिनावर चालणारी मोटरहोम आणि दुसऱ्याच्या इंजिनावर ओढले जाणारे ट्रेलर. दोन्हींचा हेतू एकच. घर सोडून चार दिवस मोकळ्या हवेत जायचे, आणि जाताना घर बरोबर न्यायचे. यांतली बहुतेक वाहने इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट गावात आणि त्याच्या आसपास तयार होतात. प्रकार कोणताही असो, एक नियम सगळ्यांना लागू पडतो : बिऱ्हाड जितके मोठे, तितके रस्ते थोडे.

मोटरहोमचे तीन प्रकार आहेत : ए, बी आणि सी. यांत सर्वांत मोठा ए, मधला सी आणि सर्वांत लहान बी. वर्णमालेवर विश्वास ठेवून बीला मधला समजणारे लोक चौघांचे सामान घेऊन गाडी ताब्यात घ्यायला येतात आणि दोघांचे सामान परत पाठवतात.

क्लास ए बस किंवा ट्रकच्या सांगाड्यावर बांधतात. त्याची लांबी ४५ फुटांपर्यंत जाते. मुक्कामी पोहोचून बटण दाबले की भिंत बाहेर सरकते आणि दिवाणखाना रुंद होतो. आत दोन टीव्ही, मोठा फ्रिज आणि कधीकधी कपडे धुण्याचे यंत्रही असते. पेट्रोलवर चालणारा ए लिटरला तीन-चार किलोमीटर जातो. आपल्याकडे एसटी चालवायला अवजड वाहनाचा परवाना आणि बिल्ला लागतो. तिकडे अनेक राज्यांत निवृत्त दंतवैद्य मोटारीच्या साध्या परवान्यावर एवढे धूड हमरस्त्यावर काढतो. मात्र हा महाल घेऊन दूध आणायला जाता येत नाही, म्हणून पुष्कळ जण त्याच्या मागे एक छोटी मोटार बांधून नेतात. म्हणजे प्रवासासाठी घर, आणि घरापासून प्रवासासाठी गाडी.

क्लास सीमध्ये पुढे व्हॅन किंवा ट्रकची केबिन, मागे खोली आणि केबिनच्या डोक्यावर एक पलंग असतो. भाड्याने देणाऱ्या कंपन्यांकडे हाच प्रकार जास्त असतो, आणि पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेल्या आई-बाबांना यलोस्टोन दाखवायला निघालेले मराठी कुटुंबही बहुधा हाच निवडते. मागचा पलंग ज्येष्ठांना, वरचा मुलांना आणि जेवणाचे टेबल मोडून होणारा तिसरा, घराचा हप्ता भरणाऱ्या जोडप्याला. पहिल्याच वळणावर कपाट उघडून दशम्यांचा डबा बाहेर येतो आणि मागून प्रश्न येतो, "अरे, जरा हळू घेशील का?" संध्याकाळी फोडणी पडली की छतावरचा धुराचा भोंगा वाजतो. तो थांबवण्यासाठी एक माणूस खाली टॉवेल हलवत उभा राहतो. हे काम सहसा जावयाकडे असते.

क्लास बी म्हणजे सुधारलेली व्हॅन. जर्मनीत वेस्टफालिया कंपनी फोक्सवॅगनच्या व्हॅनमध्ये १९५१ पासून संसार बसवू लागली. आजच्या बीमध्ये उभे राहता येते आणि चहा करता येतो, पण दोन्ही एकाच जागी करायचे असते. अनेक गाड्यांत न्हाणी आणि संडास एकाच कपाटात असतात. आंघोळीपूर्वी टॉयलेट पेपर बाहेर काढून ठेवणे हा पहिल्या दिवशी शिकायचा धडा होय. किंमत आकाराप्रमाणे उतरत नाही. नवी बी अनेकदा सीपेक्षाही महाग पडते.

ट्रेलरचे घर मुक्कामी सोडून मोटार मोकळी करता येते, हा त्याचा मोठा फायदा. साधा ट्रॅव्हल ट्रेलर गाडीच्या मागे अडकवतात. फिफ्थ व्हील पिकअप ट्रकच्या हौद्यात टेकतो, म्हणून कमी डुलतो. टिअरड्रॉप अगदी लहान असतो. त्यात फक्त झोपता येते आणि स्वयंपाक मागचे झाकण उघडून बाहेर उभ्याने होतो. पाऊस आला की त्या दिवशी उपवास.

ट्रेलर मागे घेताना स्टिअरिंग उलट्या दिशेने फिरवावे लागते. नवरा आत बसून फिरवतो, बायको मागे उभी राहून हात हलवते, आणि तिच्या हाताचा अर्थ 'ये' आहे की 'थांब', यावर कॅम्पग्राउंडची संध्याकाळची करमणूक चालते. हा भाग वाहनशास्त्रापेक्षा कुटुंबशास्त्रात मोडतो. या त्रासातून सुटलेले प्रवासी म्हणजे अपोलो ११ चे तीन अंतराळवीर. १९६९ मध्ये चंद्रावरून परतल्यावर त्यांना एअरस्ट्रीम ट्रेलरपासून बनवलेल्या बंद खोलीत ठेवले होते. तिची चाके काढलेली होती, त्यामुळे रिव्हर्सचा प्रश्न आला नाही.

आकाराचा हिशेब रस्त्यावर चुकवावा लागतो. माँटानातल्या ग्लेशियर नॅशनल पार्कमधल्या 'गोइंग-टू-द-सन' रस्त्याच्या डोंगरी टप्प्यात २१ फुटांपेक्षा लांब किंवा आरशांसह ८ फुटांपेक्षा रुंद वाहनाला बंदी आहे. ए तिथे पायथ्याशीच थांबतो, बहुतेक सी त्याच्या शेजारी थांबतात आणि छोटी बी वर जाते. नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅम शहरात ११ फूट ८ इंच उंचीचा एक रेल्वे पूल उंच गाड्यांची छपरे इतकी नेमाने सोलत असे की त्याचे नाव 'कॅन ओपनर' पडले. २०१९ मध्ये तो १२ फूट ४ इंचांवर उचलला. त्यानंतरही गाड्या त्याला धडकल्याच. गाडीची उंची कागदावर लिहून समोर चिकटवण्याची सवय पुलाला नव्हे, चालकाला लागते.

एका बाबतीत मात्र आकाराचा भेद मिटतो. ए असो, सी असो वा फिफ्थ व्हील, पोटात तीन टाक्या असतात : स्वच्छ पाण्याची, आंघोळ-भांड्यांच्या पाण्याची आणि संडासाची. मुक्काम हलवताना जाड नळी जोडून आधी संडासाची टाकी रिकामी करायची, मग सांडपाण्याची, म्हणजे त्या पाण्याने नळी धुऊन निघते. क्रम उलटला तर नळी धुवायला काहीच उरत नाही.

निवड करताना पैशांआधी पाहुण्यांचा अंदाज घ्यावा. जोडप्याला बी पुरते, तीन पिढ्यांना सी लागते. महिनोन्‌महिने एकाच ठिकाणी राहायचे असेल तर ए किंवा फिफ्थ व्हील सोयीचे. ज्यांना रोज वेगळ्या डोंगरी रस्त्याने जायचे आहे, रोज गरम पाण्याने आंघोळ हवी आहे आणि टाकी स्वतः उपसायची नाही, त्यांच्यासाठी साधी मोटार आणि रस्त्याकडेचे मोटेल हा प्रकार उपलब्ध आहे.