शेअर प्रशांतचे, गप्पा उधन्याच्या

"मंदाताई, आमच्या प्रशांतला कंपनीनं शेअर दिले हो!"

"फुकट?"

"फुकट कसले! दहा रुपयाला एक, असे हजार. नोकरीला लागला तेव्हा नुसता हक्क दिला होता. कायद्यानं निदान वर्षभर थांबावंच लागतं, मग दरवर्षी थोडे थोडे व्हेस्ट होतात, म्हणजे घ्यायला मोकळे होतात."

"मग पेढे कुठायत?"

"कसले पेढे! या महिन्याचा पगार हातात आला तो घरभाड्यापुरता. घेतले त्या दिवशी एका शेअरची किंमत निघाली ५१० रुपये. म्हणजे एकामागे पाचशेचा फायदा, हजारांचे पाच लाख. ते सगळे पगारातच धरले. तीस टक्के कर, वर उपकर. १ लाख ५६ हजार!"

"पण विकले कुठे त्यानं?"

"विकणार कुणाला? कंपनी शेअर बाजारात नाहीच. किंमत मर्चंट बँकरनं ठरवलेली."

"इन्फोसिसचे ड्रायव्हरसुद्धा श्रीमंत झाले म्हणतात."

"ती १९९३ पासून बाजारात होती. गिऱ्हाईक तयार!"

"त्यापेक्षा आपले सुरतचे हिरेवाले सवजीभाई ढोलकिया बरे. २०१४च्या दिवाळीत कामगारांना ४९१ गाड्या, २०० फ्लॅट. २०१६ला तर १२६० गाड्या! दारात उभी तरी दिसते."

"दिसते, पण शेठनं नावावर करून दिलेली गाडीही पगारातच मोजायची. वस्तूची भेट तेव्हा वर्षाला पाच हजारांपर्यंतच माफ होती. पाच हजारांत गाडीचा आरसा तरी येतो का?"

"सरकार काही सवलत देत नाही?"

"२०२०च्या बजेटात दिली, स्टार्टअपवाल्यांना. कर काही वर्षं पुढे ढकलता येतो. पण त्यासाठी सरकारी मान्यता लागते, ती याच्या कंपनीकडे नाही. आणि असती तरी शेअर विकले किंवा नोकरी सोडली की भरायचाच."

"म्हणजे साहेबाशी भांडायची सोय नाही!"

"पुढे विकले, तर ५१०च्या वर जे मिळेल त्यावर आणखी वेगळा कर."

"आणि भाव पडला तर? भरलेला परत?"

"छे! तो भांडवली तोटा. पगारातून वजा होत नाही. यात सगळ्यात चीड येते ती याचीच."

"बाई बाई! बरं, नवापूरच्या त्या स्थळाला काय सांगायचं?"

"सांगा, पाच लाखांचे शेअर आहेत."

"दाखवा म्हणाले तर?"

"या महिन्याची पगाराची स्लिप दाखवीन. त्यात पाच लाख छापून आलेत."